आधी विचारा, मग मोजा

विमानतळावर लिहिलेलं वाचून कुणी म्हणेल, आपल्या पाड्यावर एसटी धड येत नाही, आणि पत्रिकेवाले विमानाच्या गोष्टी सांगतात. पण विमानतळाला जमीन लागते. ती एक-दोन एकर नाही, हजारो एकर लागते, आणि सलग लागते. शहरात एवढी जमीन कुठून मिळणार? मग नकाशा पसरतात आणि शहराच्या बाहेर कुठेतरी पेन्सिलीने चौकोन काढतात. त्या चौकोनात गाव आहे की शेत आहे, हे नंतर बघतात. आपल्याकडे पनवेलजवळ दहा गावं उठली, उलव्याची टेकडी फोडली, तेव्हा नवी मुंबईचा विमानतळ झाला. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडायला लागली.

पण आज गोष्ट सांगायची आहे ती जपानची. टोकियो शहराच्या नारिता विमानतळाची. इतक्या लांबची गोष्ट का? कारण तिथे सरकारने गावाला न विचारता जमीन घ्यायला काढली, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षांनी त्याच सरकारला माफी मागावी लागली. आपल्या तहसीलदाराला, प्रांताला आणि आपल्यातल्या तरुण पोरांनाही ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

टोकियोचा पहिला विमानतळ हानेदा. समुद्राकाठी, 1931 साली सुरू झालेला. 1945 ला जपान लढाई हरला आणि अमेरिकेचं लष्कर आलं. लष्कराला विमानतळ मोठा करायचा होता. शेजारच्या वस्तीला हुकूम निघाला, 48 तासांत घरं रिकामी करा. सुमारे 3,000 माणसं उठली. हरलेल्या देशात कोण कुणाला जाब विचारणार?

पुढे वीस वर्षांत जपान सावरला. मोठी जेट विमानं आली, हानेदाची जागा पुरेना. सरकारने दुसरी जागा शोधायला घेतली. 1965 ला तोमिसातो नावाच्या भागाचं नाव पुढे आलं. तिथल्या शेतकऱ्यांनी असा कडाडून विरोध केला की सरकार मागे हटलं. मग आतल्या आत दुसरी जागा ठरली. टोकियोपासून सुमारे 60 किलोमीटरवर, नारिताजवळ, सानरिझुका. 4 जुलै 1966 ला मंत्रिमंडळाने शिक्का मारला. 1,065 हेक्टर जमीन, तीन धावपट्ट्या. तिथल्या लोकांना हे कसं कळलं? बातम्यांतून. दवंडी नाही, सभा नाही, नोटीस नाही. ज्याच्या शेतावरून धावपट्टी जाणार, त्याला ते इतरांसारखंच बातम्यांतून समजलं.

सानरिझुकाच का? तिथे बादशहाचं मोठं कुरण होतं, घोडे-गुरं पाळायचं. ती जमीन सरकारच्या हातातली. आणि आजूबाजूला जे शेतकरी होते त्यातले बरेच लढाईनंतर येऊन वसलेले. कुणी मांचुरियातून हाकललेले, कुणी ओकिनावाचे, कुणी घरदार गमावलेले. त्यांनी झाडी-झुडूप तोडून, कुदळीने मुळ्या काढून जमीन केली. वीस वर्षं राबले तेव्हा कुठे भुईमूग, रताळी, भाजीपाला नीट यायला लागला. सरकारचा हिशोब असा की हे गरीब लोक, पैसे दाखवले की उठतील.

साथींनो, हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. दळीची जमीन, वरकस जमीन, फॉरेस्टचा प्लॉट, ही जमीन कागदावर 'पडीक' असते. तिच्यात तीन पिढ्यांचा घाम गेला, हे कागदावर कुठल्या रकान्यात लिहितात?

सगळेच काही लढले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. विमानतळाच्या हद्दीतल्या बहुतेक घरांनी मोबदला घेऊन करार केले. एकाच गावात दोन तट पडले. पण जे उरले त्यांनी संघटना बांधली. शेतीची अवजारं विकणारा तोमुरा इस्साकु हा माणूस तिचा पुढारी झाला. म्हाताऱ्यांचं पथक, बायांचं पथक, तरुणांचं पथक, शाळेतल्या पोरांचंसुद्धा पथक. 1967 पासून शहरातले विद्यार्थी येऊन मिळाले. लोकांनी जमिनीचे अगदी छोटे तुकडे पाडून शेकडो जणांच्या नावावर केले. एक तुकडा साधारण 36 चौरस फुटांचा, म्हणजे माणूस कसाबसा आडवा होईल एवढा. प्रत्येक मालकाला वेगळी नोटीस काढता काढता सरकार दमलं. कुणी स्वतःला झाडाला साखळीने बांधून घेतलं, कुणी जमिनीखाली बोगदे खणून आत बसलं.

1971 ला सरकारने जबरदस्तीने ताबा घेतला. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा, सप्टेंबरात पुन्हा. सप्टेंबरात एका एकट्या म्हाताऱ्या बाईचं घर पाडलं. आज कारवाई नाही असं अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. ती अंगणात भात झोडत होती. पोलिसांनी तिला उचलून बाहेर नेलं आणि घर भुईसपाट केलं. त्याआधी चार दिवस, 16 सप्टेंबरला, मारामारीत तीन पोलीस मेले होते. ऑक्टोबरात चळवळीतल्या एका तरुण शेतकऱ्याने स्वतःचा जीव दिला. 1977 ला चळवळीच्या बाजूचा एक माणूस आणि आणखी एक पोलीस मेला. मेलेले पोलीस कुणाचे तरी पोरगेच होते. हुकूम देणारे मंत्री मात्र टोकियोत सुखरूप होते.

शेवटी 30 मार्च 1978 ला विमानतळ उघडायचं ठरलं. त्याच्या चार दिवस आधी काही आंदोलक गटारातून आत शिरले, कंट्रोल टॉवरवर चढले आणि यंत्रं फोडून टाकली. उद्घाटन पुढे गेलं. 20 मे 1978 ला हजारो पोलिसांच्या पहाऱ्यात विमानतळ उघडला. घोषणेपासून बारा वर्षं झाली होती.

आणि उघडला तो कसा? जाहिरातीत विमानतळाच्या सोयी मोजून सांगतात, आपणही मोजूया. तीन धावपट्ट्या ठरल्या होत्या, झाली एक. 4,000 मीटरची ती एकच धावपट्टी पुढे चोवीस वर्षं सगळा भार ओढत होती. विमानाचं तेल नळाने येणार होतं, नळ टाकता येईना म्हणून 1983 पर्यंत रेल्वेच्या टाक्यांतून आणलं. टोकियोहून वेगवान रेल्वे येणार होती, ती झालीच नाही. जी रेल्वे आली तिचं स्टेशन इमारतीपासून लांब, उतारूला बसमध्ये बसून जावं लागे. थेट टर्मिनलखाली गाडी आली ती 1991 ला. आत जाणाऱ्या प्रत्येकाला, पाहुण्याला पोचवायला आलेल्यालासुद्धा, दारावर ओळखपत्र दाखवावं लागे. हे 2015 पर्यंत चाललं. देशाचं मोठं दार म्हणून बांधलं, आणि पोलीस चौकीसारखं वापरलं. रात्री विमानं बंद, कारण गावं झोपलेली असतात. विमानांचा एक आतला रस्ता तर शेत मध्ये आलं म्हणून वाकवावा लागला.

आता बघा, ही सगळी अडचण पैशाने सुटली असती का? पैसा जपानकडे कमी नव्हता. पोलीस कमी नव्हते, कायदाही हातात होता. 1978 ला तर खास नवा कायदा केला. कमी होती ती एक गोष्ट. सुरुवातीला जाऊन विचारायचं राहिलं होतं.

हे आपलं म्हणणं नाही, शेवटी त्या सरकारलाच ते मान्य करावं लागलं. 1991 च्या नोव्हेंबरपासून सरकार, विमानतळवाले आणि शेतकरी एका जागी बसले. दीड वर्षात पंधरा बैठका झाल्या. मग गोल टेबलाच्या आणखी बारा. त्यात सरकारने जबरदस्तीने जमीन घेण्याचा मार्ग सोडला. 1995 ला पंतप्रधान मुरायामा यांनी शेतकऱ्यांची माफी मागितली. विमानतळावर नजर ठेवायला गावकरी आणि जाणकार यांची समिती बसली. तीस वर्षांपूर्वी पारावर बसून जे बोलता आलं असतं, त्याला एवढी माणसं मरावी लागली.

माफी मागून सगळं नीट झालं, असंही समजू नका. दुसरी धावपट्टी 2002 ला सुरू केली तेव्हा जमीन पुरी मिळालेली नव्हती. म्हणून ती 2,180 मीटरचीच केली आणि शेवटच्या घरांवरून विमानं जेमतेम 40 मीटर उंचीवरून जायला लागली. 2009 ला ती 2,500 मीटर झाली. आता तिसऱ्या धावपट्टीचं काम काढलं आहे.

मोठे लोक सांगतात, दुसरा पर्यायच नव्हता. तेव्हाही हेच सांगितलं होतं, हानेदाला जागा नाही. पण पुढे त्याच हानेदाला समुद्रात भराव घालून जागा केली. 2010 ला तिथे चौथी धावपट्टी झाली आणि परदेशी विमानं परत हानेदाला यायला लागली. भरावही फुकटचा नसतो, मासेमाराला विचारा. पण 'पर्याय नाही' म्हणजे बऱ्याचदा 'हा पर्याय आम्हाला स्वस्त पडतो' एवढंच असतं. आणि स्वस्त का पडतो? आपली जमीन, आपलं जंगल हिशोबात धरत नाहीत म्हणून.

आता आपल्याकडे या. आपल्या हातात सानरिझुकाच्या शेतकऱ्यांकडे नव्हता असा कायदा आहे. 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार देतो. 2009 साली केंद्र सरकारनेच लिहून दिलं की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती लागेल. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर 2013 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून, बारा ग्रामसभा बसल्या. बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं, आणि डोंगर राहिला.

म्हणूनच 2022 च्या वन संवर्धन नियमांनी काय केलं ते नीट समजून घ्या. त्यांनी ग्रामसभा काढून टाकली नाही, क्रम बदलला. केंद्राची मंजुरी आधी होऊ शकते, वनहक्काचं काय ते राज्याने नंतर बघायचं. म्हणजे लग्न लावून झाल्यावर मुलीला विचारायचं, नवरा पसंत आहे का? मंजुरी झाली, ठेका दिला, मशीन येऊन उभं राहिलं, मग ग्रामसभेत तलाठी विचारणार, तुमची काही हरकत? अशा वेळी नाही म्हणणारा विकासाचा दुश्मन ठरतो. नारिताचं सगळं भांडण या क्रमाचंच होतं.

आमचं म्हणणं साधं आहे. रस्ता, धरण, विमानतळ, काहीही असो, पहिली मोजणी होण्याआधी ग्रामसभा. आपण प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणू असं नाही. पण हो म्हणायचा अधिकारही ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच असतो.

आणि आपल्यालाही त्या लढ्यातून काही शिकायचं आहे.

पहिलं, कागद. 2023 च्या फेब्रुवारीत नारितात एका शेतकऱ्याच्या शेतातून कोर्टाच्या हुकुमाने पोलीस घालून ताबा घेतला. तीन पिढ्या त्याचं घर ती जमीन कसत होतं. पण तो कूळ होता. जमिनीच्या मालकाने ती आधीच विमानतळाला विकून टाकली होती. तेव्हा वनहक्काचे दावे अर्धवट ठेवू नका. दाव्याची पोच घ्या. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत का बघा, कायद्यातच तसं आहे. सामूहिक हक्काचा दावा राहिला असेल तर याच महिन्यात ग्रामसभा लावा. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, नाहीतर ठराव पुढे टिकत नाही.

दुसरं, एकी. ती छोट्या तुकड्यांची युक्ती चांगली होती, पण तिच्याच वादावरून 1983 ला संघटना फुटली. फुटलेल्या घरात दलालाला शिरायला वाट मिळते.

तिसरं, मार्ग. 1988 ला जमीन ताब्यात घेणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षावर हल्ला झाला, मग सगळ्या सभासदांनी राजीनामे दिले. तो आयोग 2004 पर्यंत बंद राहिला. त्याला कुणी विजय म्हणेल, आम्ही म्हणत नाही. मारहाणीने आयोग बंद पडला, पण माफी मिळाली ती शेतकरी समोर बसून बोलले तेव्हा. आपली ताकद संख्येत आहे, ठरावात आहे, जमिनीवर रोज उभ्या असलेल्या पिकात आहे.

नारितात विमानतळवाल्यांनीच 2011 ला या लढ्याचं संग्रहालय काढलं. ज्यांना तेव्हा पोलिसांनी उचललं, त्यांच्या वस्तू आता काचेत ठेवल्या आहेत. आपल्या कुदळी काचेत ठेवायला आपण देणार नाही. त्यांना अजून खूप काम आहे.

पुढच्या ग्रामसभेत ही गोष्ट वाचून दाखवा, आणि ठराव लिहून घ्या: आधी विचारा, मग मोजा.

जिंदाबाद!