सोललेले झाड



नको असलेले झाड कसे मारायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बुंध्याभोवतीची साल वीतभर रुंद सोलून काढली की झाड उभ्याउभ्या वाळते. पानांनी तयार केलेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की आधी मुळे उपाशी मरतात, मग झाड.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात कॅलावेरास नावाचे रान आहे. तिथली सिकोया जातीची झाडे तीन-तीनशे फूट उंच. 1853 मध्ये त्यातले एक प्रदर्शनासाठी पाडले. पाच माणसे 22 दिवस गिरमिटाने भोके पाडत होती, तेव्हा ते आडवे झाले. उरलेल्या बुंध्यावर पुढे लोक नाचले.

1854 मध्ये दुसऱ्या झाडाची पाळी आली. त्याला लोक 'वनमाता' म्हणत. तिला कोणी पाडले नाही. परांची बांधून 116 फुटांपर्यंतची साल तुकड्या-तुकड्यांनी उतरवली, जहाजाने न्यूयॉर्कला नेली, पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जोडून उभी केली. बघ्यांनी तोंडात बोटे घातली. 1866 च्या आगीत ती साल जळाली. इकडे रानात वनमातेची पाने काही वर्षांतच झडून गेली. सिकोयाची जाड साल वणव्यापासून झाडाला वाचवते. तिच्या अंगावर ती नव्हती. 1908 च्या वणव्यात ती जळाली. काळा सांगाडा आजही उभा आहे.

या झाडाचा वैरी कोणी नव्हता. सगळे कौतुकच करीत होते!

आपलेही कौतुक काय कमी होते? बळीराजा, अन्नदाता, जगाचा पोशिंदा! सत्कार झाले, फेटे बांधले. आणि साल? पिकाचा दाम ही शेतीची साल. बाजारातून दाम परत येतो तेव्हाच जमीन, बैल, विहीर, पोरांची शाळा जगते. ज्वारीच्या लेव्हीने ती सोलली. कापूस एकाधिकाराने ती सोलली. 2025 मध्ये लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर झाला, आणि वेचणीच्या तोंडावर, 19 ऑगस्टपासून, कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपला माल बाजारात यायचा नेमका तोच काळ! गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे समजते. पण त्यासाठी साल कोणाची?

मग झाड वाळू लागले की झारी घेऊन धावायचे. 2006 मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज मिळाले. कर्जमाफ्याही झाल्या. पण साल सोललेल्या झाडाला कितीही पाणी घाला, उपयोग काय?

वनमातेची दशा पाहून लोक हळहळले, संतापले. कॅलावेरासचे रान 1931 मध्ये राखीव उद्यान झाले. सोललेल्या झाडाला त्याचा काय उपयोग?

म्हणून जिल्हा मेळाव्यात एकच ठराव मांडा. पेरणीच्या वेळी जे आयात-निर्यात धोरण असेल, तेच माल विकून होईपर्यंत राहिले पाहिजे. झारी तुमची तुम्हाला लखलाभ. आमची साल तेवढी आमच्या अंगावर राहू द्या.