'७' हा अंक नव्हे म्हणे!

परवा शेजारच्या बाई मोबाइल घेऊन आल्या. एका कार्यालयाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. अर्ज छान मराठीत, पण घर क्रमांकात '७' टाकला की खाली लाल अक्षरं, 'कृपया अंक लिहा'. या बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय हो! मला म्हणाल्या, "आता नाही जमत मला हे. एजंटाला दोनशे रुपये देते नि मोकळी होते."

मंडळी, मला राग आला तो या वाक्याचा. चूक अर्जाची आणि खजील व्हायचं बाईंनी?

माझा भाचा हिंजवडीला हेच काम करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, अर्ज पुढे जाण्याआधी जावास्क्रिप्ट तो तपासते. तिच्या लेखी अंक म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. '७' ची संख्या करायला सांगितलं तर ती उत्तर देते, 'नॉट अ नंबर'." नावांची तऱ्हा आणखी न्यारी. जगभरची अक्षरं ओळखायची सोय २०१८ साली त्या भाषेत आली, पण नुसती तेवढीच वापरली तर काना-मात्रा अक्षरांत धरत नाहीत. म्हणजे 'राम' लिहिलं तरी काना अडकला! आणि 'ज्ञानेश्वर' हे नाव लांबीत मोजतात दहा. आमच्या दुसरीतल्या पोरानं चार सांगितलं असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, संगणक मुळात इंग्रजीच. साफ खोटं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. जावास्क्रिप्ट जन्मली १९९५ साली. आधी आपण आलो, मागाहून ती!

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला पटला. नोंदी एकाच लिपीतल्या अंकांत असल्या तर शोधायला सोप्या जातात. मी म्हटलं, "मग '७' घ्या आणि आत गेल्यावर बदला की. बदलायला किती वेळ लागतो?" तो हसला. म्हणाला, "एक ओळ." एका ओळीचा आळस तुमचा आणि दोनशे रुपयांचा भुर्दंड बाईंना!

'मग इंग्रजीत भरा ना, काय बिघडतं?' असंही कुणी म्हणेल. काही बिघडत नाही. पण मग वर 'मराठी' असं बटण कशाला ठेवता? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या अभिजात भाषेला घर क्रमांक लिहायची मात्र परवानगी नाही.

आमच्या कर्वेनगरला ज्यांचं नाव आहे ते धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत. बायकांनी शिकावं म्हणून १९०० साली त्यांनी आपला आश्रम इथं हिंगण्याला आणला. त्याच हिंगण्यात एक शिकलेली बाई '७' लिहून हात चोळत बसते, हे मला सोसत नाही.

असो. भाच्यानं फोनवरूनच कळफलक बदलायला सांगितलं आणि अर्ज गेला. बाई क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

तुमच्यापैकी ज्यांची मुलं-सुना असले अर्ज बनवतात, त्यांना हे जरूर वाचून दाखवा.