घरगुती वस्तूंची साक्ष

राष्ट्राचा इतिहास राजवाड्यांत व रणांगणांवरच घडतो, असा समज आपल्याकडे अद्यापि दृढ आहे. तो किती एकांगी आहे, हे अमेरिकेने आपल्या पडत्या काळात केलेल्या एका उद्योगावरून दिसून येईल. १९२९ नंतरच्या मंदीत तेथे लक्षावधि लोक बेकार झाले. चित्रकारही त्यांतच होते. रूझवेल्ट सरकारने १९३५ साली त्यांस नुसता धर्मादाय न देता काम दिले. रोमाना जाविट्झ या ग्रंथपालबाई व रूथ रीव्ह्ज या वस्त्रकलाविशारद बाई यांच्या सूचनेवरून जुन्या घरगुती वस्तूंची हुबेहूब चित्रे काढविण्यात आली. तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्या, मातीच्या बरण्या, शेकर पंथीयांच्या खुर्च्या, वाऱ्याची दिशा दाखविणारे धातूचे कोंबडे, मुलांची खेळणी, यांपैकी काहीही क्षुद्र मानले गेले नाही. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रे झाली. ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

छायाचित्रे का घेतली नाहीत, असे कोणी विचारील. रंगीत छायाचित्रे त्या वेळी महाग व बेभरवशाची होती. शिवाय कापडाची वीण व लाकडाची झीज जाणता कुंचला अधिक स्पष्ट दाखवितो.

तथापि या कार्यातील एक दोष सांगणे आम्हांस प्राप्त आहे. त्या भूमीच्या आद्य रहिवाशांच्या वस्तू, तो मानववंशशास्त्रज्ञांचा विषय म्हणून, यांतून वगळण्यात आल्या. मूळ मालकास बाजूस सारून घेतलेली साक्ष एकतर्फीच होय, आणि एकतर्फी साक्षीवर न्याय होत नसतो.

याच रीव्ह्जबाई १९५६ साली हिंदुस्थानात आल्या. मेणाच्या साच्याने धातू ओतण्याच्या येथील कलेवर त्यांनी १९६२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, व १९६६ साली दिल्लीस त्यांचा अंत झाला. परक्या बाईस जे मोलाचे वाटले, ते आपण मोडीच्या भावाने विकावे काय? माळ्यावरचे घंगाळ भट्टीत जाण्यापूर्वी त्याचे चित्र व घडविणाराचे नाव टिपून ठेवणे कोणत्याही गृहस्थास वा व्यापाऱ्यास अशक्य नाही. मात्र ही नोंद करताना तांबटाबरोबर बुरूड, चांभार व वडार यांचेही हात नोंदले गेले पाहिजेत. नाही तर अमेरिकेची चूक आपण डोळसपणे केली, असेच म्हणावे लागेल.