विहाराच्या स्लॅबवर माती टाकण्याआधी

यंदा बुद्ध पौर्णिमेला विहारात पंखे पूर्ण वेगाने फिरत होते, पण वारा गरमच. वंदना संपायच्या आत दोन आज्जी भोवळ येऊन खाली बसल्या. दोघी पत्र्याच्या घरातून आलेल्या, रात्रभर झोप नाही. आम्ही ओल्या फडक्याने अंग पुसलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा त्या सावरल्या. त्याच संध्याकाळी बैठकीत ठरलं की विहाराच्या स्लॅबवर माती टाकून हिरवळ करायची. वर्गणीची वहीसुद्धा निघाली.

कल्पना वाईट नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. मध्ये माती आणि पानं आली की तो तापत नाही. तरीही आम्ही थांबा म्हणालो. काहींना ते रुचलं नाही.

प्रश्न वजनाचा आहे. ओल्या मातीचा चार इंचांचा थर चौरस मीटरला साधारण 160 ते 200 किलो भरतो. माणसं जातात अशा गच्चीसाठी भारतीय मानकात स्लॅबच्या स्वतःच्या वजनाखेरीज चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. म्हणजे पावसात भिजलेली माती एकटीच तो संपवते. मग 14 एप्रिलला वर भोजनाची पंगत बसते, तिचं वजन कोण पेलणार? शिवाय आपला विहार वर्गणी जमेल तसा बांधलेला. आत सळया किती, हे सांगणारा मिस्त्री आज हयात नाही. वर जुना कोबा आहेच. छताचे पोपडे पडत असतील, गंजलेली सळई दिसत असेल, तर तिथे माती सोडा, ओळीने कुंड्यासुद्धा मांडू नका.

हलकी माती मिळते. कोकोपीट मिसळून थर पातळ ठेवता येतो. पण त्याच्याखाली पाणी अडवणारा थर, मुळं रोखणारा कागद आणि पाणी वाहून नेणारा थर लागतो. आधी गच्चीत दोन दिवस पाणी तुंबवून गळती बघावी लागते. हे टाळलं तर पहिल्याच पावसाळ्यात भिंती ओल्या होणार आणि बुरशीने दम्याची मुलं खोकणार. पन्हाळी तुंबून पाणी साचलं की आठवड्या-दीड आठवड्यात डेंग्यूचे डास तयार. आणि नळाला अर्धा तास पाणी येणाऱ्या वस्तीत मे महिन्यात हिरवळीला पाणी कुठून आणायचं? सुकलेलं गवत गारवा देत नाही.

म्हणून आमचं मत असं, की आधी चुना. स्लॅब झाडून डिंक मिसळलेल्या चुन्याचे दोन हात द्या. ऊन परत फिरतं आणि वजन जवळजवळ काहीच नाही. पत्र्यावरही पांढरा रंग चालतो, आणि सर्वांत जास्त तापतात ती पत्र्याचीच घरं. त्यांच्यावर माती कधीच पडणार नाही, हे हिरवळीच्या उत्साहात आपण विसरलो. अहमदाबाद महापालिकेने 2017 साली वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम घेतली होती. आपल्या महापालिकेला ती मागायला काय हरकत आहे? (चुना लावताना डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्यात गेला तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि तसंच दवाखाना गाठा.)

हिरवळ हवीच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल आधी, माती नंतर. त्या तपासणीचा खर्च धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या वर्गणीतून का? वॉर्ड कार्यालयाकडे अर्ज करू. सह्या आम्ही गोळा करतो.

तोवर उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार विहार उघडा ठेवा. चटया, माठ आणि कोणीतरी लक्ष ठेवायला. म्हातारी माणसं, बाळंतिणी, बीपीच्या गोळ्या घेणारे यांना आधी बोलवा. अंग चटका बसेल इतकं तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तोंडात पाणी घालू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

विहाराची चावी सध्या एकाच घरी असते. ती आधी दोन घरी ठेवा.