काचेतल्या माशाचा फोटो



गेल्या श्रावणात आमच्या पुतण्याच्या शेततळ्यातले रोहू कडेच्या प्लास्टिकला अंग घासू लागले. दोन-चार मरून वर आले. माशांच्या जाणकारांना फोन केला, तर ते म्हणाले, "जवळून काढलेला फोटो पाठवा." पुतण्याने बादलीतल्या माशाचा वरून फोटो काढला. त्यात आभाळ झकास आलं होतं, मासा मात्र दिसेना!

मग माळ्यावरची जुनी काचेची पेटी उतरवली. गोल बरणी चालत नाही, तिच्यातून मासा वेडावाकडा दिसतो. काच आतून-बाहेरून पुसली. तळ्याचंच पाणी फडक्यातून गाळून भरलं, कारण पाण्यातला गाळ फोटोत ठिपक्यांसारखा चमकतो. हात ओले करून वीतभर मासा आत सोडला.

पण मासा एका जागी थांबेल तर ना! त्यासाठी कडा घासलेली दुसरी काच आत उभी सरकवली आणि माशाला पुढच्या काचेजवळ जेमतेम वळण्यापुरती जागा ठेवली. ही युक्ती सर्वांत उपयोगी पडली.

उजेडाचं तंत्र असं. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंदच ठेवा. समोरून मारला की काचेवर पांढरा गोळा उमटतो. खोलीत अंधार करून पेटीच्या वरून बॅटरी धरावी. माझा पांढरा सदराच काचेत दिसत होता, म्हणून भर उकाड्यात काळं घोंगडं पांघरून बसलो. घरची मंडळी हसली, हसू द्या.

डिजिटल कॅमेऱ्यावर फुलाची खूण असते, ती जवळच्या फोटोची. ती लावून झूम पूर्ण मागे घ्या. बहुतेक लहान कॅमेरे तसेच जास्त जवळचं टिपतात. कॅमेरा विटांवर टेकवून काचेशी अगदी काटकोनात धरा, तिरका धरला तर चित्र फाटतं. बटण आधी अर्धं दाबा, नेम माशावर धरला गेला की मग पूर्ण. काचेवर थेंब किंवा ओरखडा असेल तर कॅमेरा त्यावरच नेम धरतो. वेग ठरवता येत असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवा, नाहीतर शेपटी पुसट येते.

रोलच्या काळात ३६ फोटो जपून काढावे लागत. इथे तसा खर्च नाही. आम्ही तीसेक काढले, कामाचे तीनच निघाले. पण त्यांत पराच्या मुळाशी चिकटलेले चपटे, पारदर्शक ठिपके आणि त्यांचे दोन काळे डोळेसुद्धा दिसले. जाणकारांनी लगेच ओळखलं, माशांच्या उवा! उपाय त्यांनीच तळ्यातलं पाणी मोजायला लावून सांगितला. अंदाजाने औषध ओतलं असतं तर उरलेलेही मासे हातचे गेले असते.

पेटी आता पुन्हा माळ्यावर जायची नाही. नातीने तिच्यात गप्पी मासे सोडलेत, आणि घोंगडंही तिनेच पळवलंय.