रणगाडा मांडा, पण हिशोब पुरा मांडा



आपल्या घरांत आता एक नवा छंद शिरला आहे. मुलगा, जावई, कधी नातू परदेशातून खोकी मागवतो. रात्री जागून बोटाएवढे सैनिक रंगवतो, १:३५ मापाचा रणगाडा जोडतो. मग चिखल, पडकी भिंत, काटेरी तार असं अख्खं रणांगण काचेच्या कपाटात मांडतो. त्याला डायोरामा म्हणतात. दशलक्षण पर्व आलं की घरातली वडीलधारी बाई त्या कपाटावर चादर टाकते. माझं भांडण दोघांशी आहे.

आधी चादरवाल्यांशी. त्या यशोधर राजाची कथा सांगतात. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी मायलेक कित्येक जन्म पशुयोनीत फिरले. ‘मग प्लास्टिकचा सैनिक काय वेगळा?’ अहो, तो कोंबडा बळी द्यायलाच केला होता. मारण्याचा संकल्प पक्का होता, रक्त तेवढं नव्हतं. दोष भावाचा होता, पिठाचा नाही. रंगवणाऱ्याचा भाव न विचारता कपाट झाकलं तर आपण पिठालाच दोषी धरतो. आणि दहा दिवस झाकलेली हिंसा अकराव्या दिवशी कशी चालते?

लुटुपुटीची लढाई मुळातच वाईट, असंही नाही. भरत-बाहुबलींनी सैन्यं बाजूला ठेवली आणि दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध दोघांतच लढले. हजारो जीव वाचले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं. युद्धखोरांना असल्या खेळातच गुंतवून ठेवावं, खऱ्या युद्धापेक्षा ते बरं, असं त्याचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

आता संग्राहकांशी. ते म्हणतात, ‘आम्ही फक्त इतिहास जपतो.’ मी कॉमर्सची पदवीधर, चाळीस वर्षं घरखर्च लिहिते. नावे लिहिलं की जमा लिहावंच लागतं. एकच बाजू लिहिलेल्या वहीला कुणी हिशोब म्हणत नाही.

या छंदाचा लाडका रणगाडा घ्या, जर्मनांचा टायगर. वजन सुमारे ५७ टन, तोफ ८८ मिलिमीटरची, आत पाच माणसं. रंगाची छटा बरोबर की चूक, यावर ही मंडळी तासन्‌तास वाद घालतात. हा रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला तो १९४२ साली, लेनिनग्राडजवळ. त्या शहराला वेढा पडला होता. तो ८७२ दिवस चालला आणि लाखो नागरिक मेले, बहुतेक उपासमारीने. आदल्या हिवाळ्यात तिथल्या गृहिणीला, लेकराला, म्हाताऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १२५ ग्रॅम काहीही तोलून बघा, म्हणजे कळेल. मुलांच्या बर्फावरच्या घसरगाड्यांवरून लोक आपली प्रेतं ओढून नेत होते.

टायगरच्या चाकांचा हिशोब चुकत नाही, मग ही घसरगाडी कपाटात का नाही? याच मापात साध्या नागरिकांचे पुतळेही विकत मिळतात. तो १२५ ग्रॅमचा तुकडा तर कणकेएवढ्या मातीत होईल. ‘पण मग ते बघवणार नाही, दिवाणखान्यात कसं ठेवायचं?’ असं उत्तर येतं. तेच तर मी म्हणते. नुसतं शस्त्र शोभतं आणि त्याने केलेलं बघवत नाही, तर तुम्हाला इतिहास आवडलेला नाही, शस्त्र आवडलं आहे. तिथे मात्र यशोधराची कथा तुम्हाला लागू पडते.

तेव्हा मैत्रिणींनो, चादर घडी करून ठेवा. कपाटासमोर खुर्ची ओढून बसा आणि एकेक विचारा: ही भिंत कुणाच्या घराची? या घरातली बाई कुठे गेली? तिची चूल कुठे आहे? उत्तर येत नसेल तर तो कोपरा रिकामा ठेवायला लावा. वहीत जमेची बाजू कोरी असली की ती डोळ्यांत खुपते. तशी ती जागाही खुपू दे.