जोडी अंगठ्यांची, माप बोटाचे

तुळशीचे लग्न झाले की लगीनसराई सुरू होते आणि घरोघरी दागिन्यांच्या डब्या उघडल्या जातात. नव्या जोडप्यांची खरेदी होतेच. पण अलीकडे आणखी एका खरेदीविषयी दवाखान्यात ऐकू येते. आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत असतात. आईच्या बोटात साखरपुड्याची अंगठी असते. तिच्या शेजारी शोभेल अशी दुसरी अंगठी मुलांना घ्यायची असते. मुंबई-पुण्याहून पेण-रोह्याला आलेली ही मुले आईचा रक्तदाब तपासून घेताना सहज विचारतात, "डॉक्टर, आईची बोटे सुजतात. अंगठी चालेल ना?" प्रश्न सहज विचारलेला असला तरी त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

बहुतेक मराठी घरांत अंगठी साखरपुड्याची. लग्नाचे अलंकार म्हणजे मंगळसूत्र आणि जोडवी. मात्र लग्नविधीतच अंगठी घालण्याची एक जुनी परंपराही आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. मराठी बोलणारा बेने इस्रायल हा ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या या किनारपट्टीवर राहिला. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांच्यातील आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली आहेत. ज्यू विवाहात वर वधूच्या उजव्या तर्जनीत अंगठी घालतो आणि ती साधी, बिनखड्याची असावी असा संकेत आहे. खड्यामुळे अंगठीच्या मोलाविषयी वधूचा गैरसमज होऊ नये, हे त्यामागचे कारण. कारण निराळे असले तरी वयस्क बोटासाठी वैद्यकीय सल्लाही हाच आहे: जुन्या अंगठीची जोडीदार साधी, गुळगुळीत आणि बिनखड्याची असावी.

पन्नास वर्षांत बोट बदलते

अंगठी तीच राहिली तरी बोट तेच राहत नाही. संधिवातामुळे बोटाचा मधला सांधा जाड होतो, तर त्याखालचा भाग वयोमानाने बारीक होतो. त्यामुळे सांध्यावरून जाणारी अंगठी खाली सैल फिरते आणि खाली नीट बसणारी अंगठी सांध्यावर अडते. मूत्रपिंड, हृदय किंवा थायरॉइड यांच्या विकारांत हातांवर सूज येऊ शकते. पक्षाघातानंतर दुर्बल झालेला हात लोंबकळून सुजतो. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात पुढे कधीही सुजू शकतो; त्या हातात घट्ट अंगठी नको. दीर्घकालीन मधुमेहात काहींच्या बोटांची संवेदना मंदावते आणि अंगठी रुतत असल्याचे त्यांना वेळेवर कळत नाही.

म्हणून जुन्या अंगठीवरून नवीचे माप देऊ नये. माप बोटाचे घ्यावे, तेही दोनदा: सकाळी आणि सायंकाळी. उकाड्यात आणि दिवसभराच्या कामानंतर बोट फुगते, थंडीत आकसते. दोन अंगठ्या लागून बसल्या की त्यांची मिळून एक रुंद पट्टी होते आणि रुंद पट्टी त्याच मापात अधिक घट्ट वाटते. त्यामुळे माप घेताना जुनी अंगठी बोटात असू द्यावी आणि नवी किंचित मोठी निवडावी. सांध्यावरून जाताना ती थोडी अडावी, पण साबणपाण्याशिवाय निघावी. खाली सैल राहत असेल तर सराफाकडून आतल्या बाजूस सोन्याचे दोन बारीक मणी बसवून घेता येतात. अंगठी फिरत नाही. सांधा फारच जाड असेल तर बिजागरीने उघडणारी अंगठी घडवून घेता येते.

धातू, खडा आणि त्वचा

जोडी शोभण्यासाठी रंग जुळावा लागतो, टिकण्यासाठी कस. जुनी अंगठी बावीस कॅरटची असेल तर नवीही त्याच कसाची घ्यावी. अठरा कॅरटचे सोने अधिक कठीण असते. शेजारी राहून ते मऊ सोने झिजवते. हॉलमार्कमधील ९१६ हा अंक बावीस कॅरट आणि ७५० हा अठरा कॅरट दर्शवतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला आहे. बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो पडताळता येतो.

पांढरे सोने घेताना मिश्रणात निकेल आहे का, हे विचारावे. नकली कर्णफुलांनी कान चिघळतात किंवा घड्याळाच्या बकलाखाली खाज सुटते, अशा व्यक्तीस निकेलची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव असतो. मात्र अंगठीखालची प्रत्येक लाली अ‍ॅलर्जीची नसते. पापडाचे पीठ मळताना, मासळी साफ करताना, भांडी घासताना किंवा आपल्या पेणच्या गणपती कारखान्यांत शाडूच्या मातीत हात घालताना अंगठीखाली ओल, साबण आणि माती साचते. दोन अंगठ्यांमधील फटीत ती अधिक साचते आणि त्वचा सोलवटते. अशी कामे करताना अंगठ्या काढाव्यात. काम झाल्यावर बोट धुऊन, कोरडे करून मगच घालाव्यात.

खड्याची पकड वर आलेली असेल तर ती साडीच्या पदरात, मच्छरदाणीत अडकते आणि वृद्धांची कागदासारखी पातळ त्वचा फाडते. येथे शुश्रूषा करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. रुग्णाला आंघोळ घालताना, कूस बदलताना आपल्या बोटातील खड्याची अंगठी काढून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या दंडावर दिसणारे ओरखडे पुष्कळदा आपल्याच हातचे असतात.

दोन्ही अंगठ्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून काहीजण त्या सांधून एक करतात. तरुण बोटासाठी ते ठीक. पण जाड सांध्यावरून अशी रुंद अंगठी उतरवणे अवघड जाते. त्या सुट्याच बऱ्या. आणि जोडी एकाच बोटात हवी, असे कोणत्याही शास्त्रात नाही. जुनी डाव्या हातात आणि नवी उजव्या हातात, हीही जोडीच.

आपल्याकडची वेढणी यासाठी विचारात घेण्यासारखी आहे. सोन्याच्या तारेचे वेढे असल्यामुळे ती थोडी सैल किंवा घट्ट करता येते. तिची टोके मात्र बोचणारी नसावीत. शुद्ध सोने मऊ असल्याने तिचा आकार वरचेवर पाहावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

अंगठी केव्हा काढावी?

हात किंवा मनगट मोडले, भाजले, बोटाला मार लागला, साप चावला किंवा मधमाशी हातावर डसली, तर सूज चढण्यापूर्वी त्या हातातील अंगठ्या आणि बांगड्या प्रथम काढाव्यात. शस्त्रक्रियेपूर्वी आणि एमआरआयपूर्वीही त्या काढाव्या लागतात. रुग्णालयाच्या दारात ओढाताण करण्यापेक्षा हे काम घरीच उरकावे.

काही वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरून मनगट मोडलेल्या एका आजींना सायंकाळी माझ्याकडे आणले. पडल्या होत्या सकाळी. बोट निळसर पडले होते आणि अंगठी सुजेत दिसेनाशी झाली होती. ती कापू देण्यास आजी तयार नव्हत्या. यजमान हयात नव्हते आणि साखरपुड्यात त्यांनी घातलेली अंगठी तेव्हापासून बोटातून निघाली नव्हती. "हे बोट गेलं तरी चालेल," असे त्या म्हणाल्या. मुलाने त्यांचा दुसरा हात हातात घेतला आणि एवढेच म्हटले, "आई, अंगठी सांधता येते." अंगठी कापली, बोटाचा रंग परतला. पुढे सराफाने ती सांधून दिली. आजी ती आता गळ्यातील गोफात ओवून घालतात. म्हणून वडीलधाऱ्यांशी बोलताना "काढून टाका" असे म्हणू नये. "नीट ठेवू, पुन्हा घालू" असे म्हणावे, आणि तो शब्द पाळावा.

अडकली तर

हात काही मिनिटे हृदयापेक्षा उंच धरावा, थंड पाण्यात बुडवावा आणि बोटाला तेल किंवा साबण लावून अंगठी ओढण्याऐवजी फिरवत काढावी. न निघाल्यास शिवणाच्या मजबूत दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूस काढावे. उरलेला दोरा अंगठीला लागून नखाच्या दिशेने, मधल्या सांध्यापलीकडेपर्यंत वेढ्याला वेढा लावून गुंडाळावा. मग तळहाताकडील टोक धरून दोरा नखाच्या दिशेने सोडवत जावे. अंगठी त्याबरोबर पुढे सरकते. हे दुखते, म्हणून काही मिनिटांतच यश आले नाही तर दोरा सोडावा.

बोट निळे, पांढरे किंवा बधिर झाले असेल, जखम असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर हे प्रयोग न करता त्वरित रुग्णालय गाठावे. सोन्याची अंगठी लहान कटरने सहज कापता येते. टंगस्टन कार्बाइडसारख्या अतिकठीण धातूची अंगठी नेहमीच्या कटरने कापत नाही, चेपून फोडावी लागते; ज्येष्ठांसाठी ती टाळलेलीच बरी.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने अंगठी काढून कोठेतरी ठेवली की घरात संशय आणि कामवाल्या बाईंवर आळ येतो. अशा घरी अंगठ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, मौल्यवान अंगठी लॉकरमध्ये ठेवावी आणि बोटात हवीच असेल तर तशीच दिसणारी चांदीची साधी अंगठी द्यावी.

वाचकहो, नवी अंगठी घेण्यापूर्वी या पंधरवड्यात एक काम करा. घरातील ज्येष्ठांच्या बोटांतील अंगठ्या एखाद्या सायंकाळी सावकाश काढून पाहा. निघाली, तर खालची त्वचा पाहून, अंगठी पुसून परत घाला. निघाली नाही, तर बोट निरोगी असतानाच सराफाकडे जाऊन ती मोठी करून घ्या. जोडीदार अंगठी त्यानंतर पसंत करा.